एका घरातल्या दोन चुली

कूमली, जून १७९०

प्रिय सायमन,

तू भिंतीपलीकडे खोकलास तरी मला ऐकू येतं, आणि तुला पत्र लिहायची वेळ आलीय. बारा वर्षं आपण बोललो नाही. लोक म्हणतात, बायकांचं भांडण. भांडण लावलं ते लॉर्डसाहेबांच्या कारभाऱ्यानं.

आपल्या गावचा कायदा काय, तर ज्याची स्वतःची चूल, त्याला मत. घरं सगळी लॉर्डसाहेबांची, म्हणजे मतंही त्यांचीच. त्या कारभारी पिनॉकनं आपलं स्वयंपाकघर पावलांनी मोजलं आणि म्हणाला, "सख्खे भाऊ एका हंडीत जेवता? अरे, एक मत फुकट घालवताय." आठवड्यात मधोमध भिंत उभी राहिली, नवं धुराडंही आलं. आपण असे बावळट, की वर त्यालाच दारू पाजली.

मग मोठी हंडी कुणाची, यावरून तुझ्या मार्थाची आणि माझ्या जोनची जुंपली. आई सकाळी माझ्याकडे, संध्याकाळी तुझ्याकडे. शेवटी शेवटी स्वतः जेवली की नाही हेही तिला आठवेना. मला वाटायचं तू वाढलं असशील, तुला वाटायचं मी. हे लिहिताना लाज वाटते.

आणि हे सगळं कुणासाठी? दर निवडणुकीला भर रस्त्यात दोन हंड्या मांडायच्या, एकमेकांकडे पाठ करून मटण शिजवायचं, आणि चुली खरंच वेगळ्या आहेत ना, हे पंचांनी झाकण उचलून बघायचं. मग लॉर्डसाहेबांचा भाऊ पार्लमेंटात. आता पुतण्या. त्या पोरानं गाव पाहिलंय ते बग्गीच्या खिडकीतून. मला म्हणाला, "काय रे लोहारा." तीस वर्षं त्यांच्या घोड्यांची खोगिरं मी शिवतोय.

काल पिनॉक परत आला. आमच्या नेडचं गेल्या महिन्यात लग्न झालं. तुला बोलावलं नाही, चुकलंच. दोरी लावून पिनॉकनं माझी अर्धी खोली मोजली. "इथं आणखी एक भिंत सहज बसते." मी सांगितलं, भिंत होणार नाही आणि गुरुवारी माझी हंडीही रस्त्यावर येणार नाही. "मग घर सोडायची तयारी ठेव," म्हणाला. ठेवलीय.

म्हणून हे पत्र. मत तू कुणालाही दे, मी विचारणार नाही. फक्त गुरुवारी मटण जरा जास्त टाक. आम्ही चौघं पंचांसमोर तुझ्याकडे जेवायला येतोय. मार्था नको म्हणाली तरी मी तुझ्या दारात ताटली घेऊन बसणार आहे.

तुझाच थोरला,
एमॉस