धरणावर हुरडा खायला थांब

प्रिय दिशू,

परवा तुझा फोन आला तेव्हा गॅसवर दूध होतं, ते सगळं उतू गेलं. तुझे आजोबा ओट्यापाशी येऊन म्हणाले, "कोणाचा फोन होता एवढा, दूध वाहून चाललं तरी ध्यान नाही?" मी म्हटलं, चुकून कोणाचा तरी लागला. आयुष्यात त्यांच्याशी फार वेळा खोटं बोलले नाही मी, पण हे बोलताना मला हसूच येत होतं. तू नाशिकला येणार. नाताळच्या सुट्टीत, ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर, धरणाच्या पाण्यापाशी कुठल्याशा हॉटेलात राहणार, आणि मला विचारतेस की आजी, थंडीत तुमच्या नाशिकला काय काय करायचं, नीट सांग. 'तुमच्या' म्हणालीस ते मी ऐकलं, पण ते जाऊ दे. पुण्याला राहून तसंच म्हणणार माणूस.

सांगायचं तर फोनवरही आलं असतं. पण फोनवर मी बोलायला लागले की तू "हो आजी, बरं आजी" करतेस आणि मग तुझी मीटिंग येते. कागदाला मीटिंग नसते. चौथीपर्यंतच शाळा झाली माझी, त्यामुळे अक्षर मोठंमोठं येतं आणि ओळ खाली घसरते, तेवढं सांभाळून घे. आणि तू शेवटी जे म्हणालीस, "पप्पांना सांगू नकोस मी येतेय ते," तर ते मी सांगितलेलं नाही. जीवन माझ्या समोर जेवत होता, मी त्याला भाकरी वाढली, कांदा फोडून दिला, आणि तोंड मिटून बसले. घरी येणं जमेल का नाही माहीत नाही म्हणालीस, त्यालाही माझा राग नाही. तू त्या पाण्यापाशी येऊन बसणार, एवढंच किती आहे मला.

तर ऐक. पहिलं म्हणजे कपडे. पुण्याची थंडी निराळी आणि इथली निराळी. निफाडकडे गारठा वाढला की तो आपल्याकडेही उतरतो, आणि धरणावर तर वारा पाण्यावरून येतो, कानात घुसतो. तुम्ही पोरी एक पातळ जाकीट घालून फोटो काढता आणि मग शिंकत बसता. हिवाळ्यात आपल्याकडे तिबेटी बायका स्वेटरची दुकानं मांडून बसतात, तिथून एकेक घ्या. भाव करायला लाजू नका. त्या बायका हसऱ्या असतात पण भावात हटत नाहीत, मी एकदा तासभर घासाघीस केली आणि शेवटी दोघी दमून चहा प्यायलो, तिच्याच पैशांनी. ते स्वेटर अजून आजोबा घालतात आणि म्हणतात, "तुझ्या मैत्रिणीचं स्वेटर दे गं."

सकाळी लवकर उठा. सूर्य यायच्या आत पाण्यावर धुकं असतं, दुधाच्या पातेल्यावर वाफ असते तसं, आणि पलीकडचा डोंगर दिसतच नाही. मग हळूहळू एकेक झाड वर येतं. मला ते लहानपणापासून बघायला आवडतं, पण सकाळच्या वेळी बाईमाणसाला धुकं बघत उभं राहायला कोण देतं. तू बघ, माझ्या वाटणीचंही बघ. मग चुलीवरची मिसळ खा. गंगापूर रोडला मळ्यांमधून आता कितीतरी ठिकाणी झाल्या आहेत, पाळणे काय, घोडे काय, उंटसुद्धा आहे एका ठिकाणी. काळा रस्सा जपून घे. तुझ्या आईला, मंजुषाला, लग्नानंतर पहिल्यांदा नेलं तेव्हा ती देवळाली कॅम्पातली पोर, तिने वाटीभर रस्सा ओतून घेतला आणि मग डोळ्यांतून धारा. जीवन धावत जाऊन गूळ घेऊन आला. ती रडत रडत हसत होती. आज हे आठवायचं काही काम नव्हतं, पेन चालतं तिकडे चालतं.

दुपारी पंचवटीत जा. रामकुंडावर ऊन चांगलं लागतं, पायऱ्यांवर बसून पेरू खा. पेरू हिरवा कडक घे, तिखटमीठ लावून. बोरं घेतलीस तर खिशात किडकं एखादं निघतंच, घाबरू नको. द्राक्षं मागू नका, अजून आंबट असतात, जानेवारी लागल्यावर खरी गोडी. त्या द्राक्षांच्या दारूच्या बागा बघायला तुम्ही जाणारच, सगळे जातात. मी काही म्हणणार नाही. तुझे आजोबा म्हणतात, द्राक्ष चावायला दात असताना पिता कशाला. एक दिवस नांदूर मधमेश्वरला काढा. परदेशातून पाखरं येतात पाण्यावर, हजारोंनी. एवढ्या लांबून थंडीला नाशिक बरं वाटतं त्यांना. दरवर्षी त्याच पाण्यावर येतात म्हणे, रस्ता विसरत नाहीत.

आणि संध्याकाळी हुरडा. तो कुठे खायचा ते शेवटी सांगते.

तुला आठवतं का गं, तू लहान असताना आपल्या बांधावर आगटी पेटायची? गोवऱ्यांचा निखारा, त्यात ज्वारीची कोवळी कणसं, आणि जीवन उकिडवा बसून ती तळहातावर चोळायचा, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि गरमागरम दाणे एकेकाच्या हातावर टाकायचा. सगळे एक हात पुढे करायचे. तू कधी एक हात केला नाहीस. दोन्ही हातांची ओंजळ करायचीस, सांडतं म्हणून. आजोबा चिडवायचे, "ही हुरडा खायला आली का तीर्थ घ्यायला?" आणि जीवन पहिली मूठ तुझ्या ओंजळीतच टाकायचा, पाहुणे बसलेले असले तरी. तुझे आईबाप वेगळे झाल्यावरही तू नाताळच्या सुट्टीत यायचीस तेव्हा हे चुकलं नाही. मंजुषाची पुण्याची नोकरी सुटत नव्हती आणि जीवनचा फुलांचा मळा सुटत नव्हता. दोघांपैकी कोणी वाईट नव्हतं, हे मी तेव्हाही म्हणत होते. पण तेव्हा माझं ऐकायला कोणाला वेळ होता.

आता त्या बुधवारचं लिहिते. तू कधी काढत नाहीस, मीही काढत नाही, म्हणून ते आपल्यात जेवणातल्या खड्यासारखं राहिलं आहे. तुला होडीत बसायचं होतं. पप्पांबरोबरच बसायचं होतं. सुट्टीचा शेवटचा दिवस, संध्याकाळी दीपकमामा तुला न्यायला येणार होता. जीवन म्हणाला, बाजारात फुलं टाकून दुपारपर्यंत येतो, तुम्ही दोघी धरणावर पुढे व्हा. तेव्हा आजच्यासारखा बोट क्लब नव्हता, मोतीराम होडीवाला दोन होड्या घेऊन असायचा. त्याने तुला लहान मापाचं केशरी जॅकेट घातलं, पाण्यात बुडू नये म्हणून घालतात ते. ते तू काढलंच नाहीस. जॅकेट घालून बसलीस, जॅकेट घालून डबा नको म्हणालीस. मोतीराम दोनदा म्हणाला, "चल बाळा, मी एक फेरी मारून आणतो," तर मान हलवलीस. ऊन उतरलं, पाणी काळं झालं, मोतीरामने होडी बांधली, तेव्हा जॅकेट तुझं तू काढलंस, घडी घातलीस आणि त्याच्या हातात दिलंस. नऊ वर्षांची पोर. रडली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

दीपकमामाच्या गाडीत तू बसलीस आणि वळणावर समोरून आपला टेम्पो आला. तू बघितलास. मी बघितलं की तू बघितलास. तू तोंड फिरवलंस आणि पुढच्या नाताळात आली नाहीस. त्याच्या पुढच्याही नाही.

तुला वाटलं असेल, पप्पा विसरले. नाही गं. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता दुसऱ्या दिवशी. माळ्याच्या घरी त्या बुधवारी पंगतीतला माणूससुद्धा उठून बाजारात जातो. घरोघरी घट बसतो, उद्यापन असतं, जो तो झेंडू मागतो. आणि त्या वर्षी झेंडू सगळ्यांचाच आला. बाजार गच्च भरला आणि पडला. गुरुवारचं फूल शुक्रवारी गुरांपुढे टाकायच्या लायकीचं राहतं. सगळं वर्ष त्या ढिगात होतं, तो ढीग तिथे सोडून यावं तरी कसं, आणि तू धरणावर आहेस हे त्याला माहीत, मग तिथे बसून तरी कसं राहावं. तो दर वेळी म्हणत राहिला, एवढी पाटी गेली की निघतो. आणखी एक गेली की निघतो. तुझ्याकडे यायचं नव्हतं असं नाही, त्याचा जीव दोन्हीकडे होता आणि दोन्हीकडे उशीर झाला. मी हे त्याची बाजू मांडायला लिहीत नाही. पोर बसून राहिली ते बसून राहिली, त्याला झेंडूचं कारण पुरत नाही. तो स्वतःही कधी ते कारण सांगत नाही. मी एकदा तुझ्या आईला फोन करून सांगते म्हटलं, तर म्हणाला, "राहू दे आई. तिने वाट बघितली ना, मग झालं."

ती होडी तुझी राहिली तशी माझीही राहिली. धरण उशाशी आहे, म्हातारी झाले, पण त्या पाण्यात अजून गेले नाही. आजोबा म्हणतात चल, तुला फिरवून आणतो. मी म्हणते गुडघे दुखतात. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण होडीत काय चालायचं असतं?

आता आजोबा मागे येऊन उभे आहेत आणि विचारतात, पोथी लिहायला घेतलीस का. कागद झाकून ठेवते जरा.

गेले ते. दिशू, तू मला पप्पांना सांगू नकोस म्हणालीस, ते मी पाळलं आणि पाळीन. पण पप्पांचं तुला सांगू नकोस, असं तू म्हणाली नाहीस. तेवढ्यासाठी हे एवढं लांबलचक लिहिलं, मिसळ आणि पाखरं मधे मधे घातली, कारण एकदम लिहिलं असतं तर तू पत्र मिटलं असतंस. जीवनने त्यानंतर झेंडू लावला नाही. धरणाकडे वळताना डाव्या हाताला आपला जो पट्टा आहे, तिथे आता ज्वारी असते, आणि थंडीत तो रस्त्याला शेड घालून हुरड्याची आगटी पेटवतो. पाहुण्यांसाठी, म्हणतो. पण नाताळची सुट्टी लागली की एकही दिवस शेड बंद नसते. मागच्या साली अंगात ताप होता तर गोधडी पांघरून आगटीपाशी बसला. सख्ख्या मित्राच्या घरचं लग्न होतं, गेला नाही. मी विचारलं, एवढं काय अडलंय, तर म्हणाला, लोक धरणावर फिरायला येतात, येऊन परत गेले तर. कोणते लोक ते मी विचारलं नाही. मोतीरामने होड्या विकल्या तेव्हा ते लहान केशरी जॅकेट जीवनने मागून आणलं, ते शेडच्या खांबाला टांगलेलं आहे. उन्हाने पांढरट झालं आहे, तरी तू ओळखशील. मी तुला भेट म्हणत नाही, बोल तर अजिबात म्हणत नाही. हुरडा आपल्याकडचा चांगला असतो, लसणाची चटणी माझ्या हातची असते, तर खायला थांब एवढंच. तो मान खाली घालून कणसं चोळत असतो, गिऱ्हाइकाचं तोंड बघत नाही, पुढे आलेला हात तेवढा बघतो आणि त्यावर दाणे टाकतो. मैत्रिणींसारखा एक हात पुढे केलास तर पोटभर खाऊन निघून जाशील, त्याला कळणारही नाही, आणि मीही कधी विचारणार नाही. ओंजळ केलीस, तर तो वर बघेल.

स्वेटर घालून ये.

तुझीच, पाण्याच्या अलीकडच्या काठावरची,
नवसाआजी