ताईंचं मशीन

२० फेब्रुवारी
"भावोजी, काहीही करा, पण मशीन बंद करू नका!" हिच्या कॉम्प्युटर-मंडळातला दाढीवाला आजही दारातूनच बजावून गेला. मंडळातले सगळे हिला ताई म्हणत, म्हणून मी सरसकट सगळ्यांचा भावोजी. साठीच्या लोकांचासुद्धा!

ही जाऊन महिना होत आला. हिचा मेळावा मात्र १७ मार्चला व्हायचाच आहे. लोक जुने कॉम्प्युटर घेऊन येतात, मंडळी त्यात फुकटचं, कुणालाही वापरता-बदलता येणारं सॉफ्टवेअर घालून देतात. (फुकट म्हटलं की ही चिडायची — "मुक्त म्हणा, मुक्त!") पत्त्यांची यादी, वेबसाइट, पोस्टर — सगळं हिच्या मशीनमध्ये. ही गेली तेव्हा ते चालू होतं. बंद झालं तर पासवर्ड मागेल, आणि तो फक्त हिला ठाऊक.

दवाखान्यात औषध-खिडकीवर काम करतो, तिथून रजा घेतली. मशीनपाशी बसून आहे. नाही म्हणायला मला कधी जमलंच नाही.

२३ फेब्रुवारी
लेकीचा फोन. दिवस भरत आलेत तिचे. "आई नाही. निदान तुम्ही तरी आधी येऊन राहा ना, बाबा." म्हटलं, मेळावा झाला की लगेच येतो.

"यंत्राला सोबत लागते, मला नाही?"

फोन ठेवला आणि पुन्हा मशीनपाशी बसलो.

२७ फेब्रुवारी
वीज गेली. आठवड्यातून एकदा तरी जातेच. मशीनची बॅटरी टूं-टूं करायला लागली. जीव टांगणीला! शेजारच्या शिंप्याकडे दुसरी लाइन आहे. त्याने लांब वायर काढून दिली, ती खिडकीतून ओढून घेतली.

"काका, आत कुणी आजारी आहे का?"

हो म्हणालो.

वायर राहू द्या म्हणाला, पुन्हा लागेल.

३ मार्च
निमंत्रण पाठवलं. दाढीवाला फोनवरून सांगत गेला, मी दाबत गेलो. मेल गेल्यावर पाहतो तर पाठवणारी म्हणून हिचंच नाव! मजकूर मागच्या वर्षीचा; तारीख बदलली, शेवटची ओळ तशीच राहिली — "नक्की या. मी आहेच."

संध्याकाळी उत्तरं यायला लागली. ज्यांना कळलेलं नव्हतं त्यांची. "ताई, तुम्ही बसवून दिलेला कॉम्प्युटर अजून घोड्यासारखा पळतोय! भेटूच."

"भावोजी, दुरुस्ती पाठवायची का?" दाढीवाल्याने विचारलं.

यात दुरुस्ती काय करायची?

९ मार्च
दाढीवाला येऊन गेला. काहीतरी सांगायचं होतं त्याला, नुसताच घसा खाकरत होता. मी मशीन पुसत होतो. "छान ठेवलंय," म्हणाला. पाणी प्यायला आणि गेला.

१२ मार्च
"आईला त्या डब्यात घालून ठेवलंय का तुम्ही?" असं म्हणून लेकीने फोन आपटला. मीही परत केला नाही.

समोरच्या भिंतीवर मेळाव्याचं पोस्टर. 'तुमचं स्वातंत्र्य तुमच्या हातात!' आणि मला दूध आणायला खाली उतरायची धास्ती. दावणीच्या बैलाला निदान चार पावलं फिरता येतं.

१५ मार्च
दाढीवाला आणि मंडळातल्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई पोस्टरांचा उरलेला गठ्ठा न्यायला आले. मी विचारलं, रविवारी मी सभागृहात आलो तर इथे मशीनपाशी कोण बसेल?

बाई बोलून गेल्या, "आता कशाला बसायचं? वेबसाइटवाल्या कंपनीने आपल्याला नवा पासवर्ड कधीच दिला की! यादीपण मिळाली."

दाढीवाला चपलांकडे बघत उभा.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"आलो होतो, भावोजी. तुम्ही ते इतकं जपून पुसत होतात... जीभच रेटेना."

त्यांना वाटलं, मला ते चालू हवंय. मला वाटलं, त्यांना. भीड ही भिकेची बहीण, ती अशी!

सुटलो एकदाचा. उद्याच लेकीकडे निघतो.

१६ मार्च
कसला सुटतोय. पिशवी भरून दारात ठेवली आहे. बटणावर बोट ठेवतो, उचलतो. एकदा बंद केलं की ते पासवर्ड विचारत बसणार, आणि सांगणारी नाही.

आता कुणीही अडवलेलं नाही मला. कुणीही नाही.

दाबवत नाही.

१७ मार्च
सकाळी जावयाचा फोन — कळा सुरू झाल्यात, लगेच या. बसमध्ये लिहितोय, अक्षर हलतंय.

मशीन चालूच आहे. शिंप्याची वायर मात्र गुंडाळून परत देऊन आलो.