मागाच्या खड्ड्यावरची नाव

४ ऑगस्ट १९३५, शहापूर
ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी आहे. दुसरं कोणी वाचत असेल तर त्याने इथेच थांबावं. मला कळतं.

काल लेकीची, अंजनीची, सुपारी फुटली. मुलगा चांगला आहे. गाव खानापूरच्या पुढे, मलप्रभेच्या पलीकडे. तिथे पूल नाही, मष्णू नावाड्याची नाव आहे. आम्हाला न्यायला आलेल्या व्याह्यांना त्याने मधल्या फळीवर बसवलं आणि मला मागे शेळ्यांत. मी जरा सरकलो तर सगळ्यांसमोर ओरडला, "आप्पा, बूड हलवू नका, नाव कलंडतीया!" व्याही हसले. एका शेळीने माझ्या उपरण्याचा काठ खाल्ला. जरीचा होता.

हे सगळं आधीच ठरलेलं असणार. शेळ्या काय आपणहून येतात?

ठराव : लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. तोवर मी स्वतःची नाव बांधणार. लेक माझ्या नावेतून सासरी जाईल आणि मष्णू काठावर बसून बघेल. मी सातवी फायनल आहे. तीन पिढ्यांचा विणकर आहे. नाव म्हणजे शेवटी काय, फळ्यांचा ताणा आणि खिळ्यांचा बाणा.

९ ऑगस्ट
खानापूरच्या वखारीतून फणसाच्या फळ्या आणल्या. वखारवाल्याने विचारलं, कशाला? म्हटलं, रुखवताची पेटी. तो म्हणाला, यात पाच नवऱ्या बसतील. माणूस धोकादायक आहे.

घराच्या पुढच्या सोप्यात जागा नव्हती. माग सोडवून लाकडं माळ्यावर टाकली. मागाखालचा पाय सोडायचा खड्डा रिकामा झाला. त्यात उतरलं की नावेचं बूड खालून ठोकता येतं. अशी सोय मुंबईच्या गोदीतही नसेल.

दुर्गाबाई, म्हणजे आमची ही, म्हणाली, "अवो, मग अंजनीचं लुगडं कशावर इणणार?" आमच्यात लेकीचं लग्नातलं लुगडं बापाच्या मागावरूनच उतरतं. विकतचं नेसून गेली तर सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. हे काय मला ठाऊक नाही? नाव झाली की माग उभा करतो आणि बघता बघता लुगडं काढतो, असं ठणकावून सांगितलं. पण हिला आत्ताच एवढी घाई का? हिला कोणीतरी शिकवतंय.

२० ऑगस्ट
कोण शिकवतंय ते कळलं. शेजारचा तम्मण्णा. स्वतःचे तीन माग आहेत तरी लक्ष माझ्या सोप्यात. आज चुना मागायला आला. चुना त्याच्याकडे आहे, मी काल बघितलाय. म्हणाला, "भरमाण्णा, लई ठोकठाक चाललीया." म्हटलं, पेटी आहे. म्हणाला, "पेटीला टोक?" म्हटलं, नवी फॅशन. तो हसत गेला. दिलेला चुना इथेच विसरला. म्हणजे काय समजायचं ते समजलो.

पेटंटचा विचार केला. अडचण अशी की शहापूर सांगली संस्थानात आणि रस्ता ओलांडला की इंग्रजांचं बेळगाव. पेटंट एका राज्यात घेतलं तर हा दुसऱ्या राज्यात जाऊन चोरी करणार. म्हणून प्लॅन कागदावर काढायचाच नाही. मापं सुताने घेतो, सुताला गाठी मारतो आणि सूत कनवटीला. आता घे म्हणावं चोरून.

११ सप्टेंबर
फळ्या जोडल्या. नाव सुंदर दिसते. पुढचं टोक थोडं डावीकडे वळलंय, ते वळणं सोपं जावं म्हणून.

फटी राहिल्या आहेत. ऐकून होतो की फटींत राळ भरतात. पेठेत गेलो, राळ मागितली. दुकानदार म्हणाला, "काय आप्पा, नाव बांधतासा व्हय?" एका शब्दावर! बातमी पेठेपर्यंत फुटलेली आहे. राळ नको म्हटलं, गूळ घेतला आणि परत आलो.

गूळ खाताना डोकं चाललं. विणकराच्या घरी राळ कशाला पाहिजे? घरात खळ आहे! तांदळाची पेज आटवून केलेली हीच खळ आपण सुताला लावतो आणि मऊ सूत तारेसारखं ताठ होतं. फटींत चिंध्या कोंबल्या आणि वरून खळीचे तीन हात मारले. वाळल्यावर बोटाने वाजवून बघितलं. दगड! मष्णूच्या बापजाद्यांना हे सुचलं नाही, कारण त्यांच्या घरात माग नव्हता. आता हे सिक्रेट कोणालाही सांगायचं नाही. हिलाही नाही.

२५ सप्टेंबर
नावेला उंदीर लागलेत. फटीच चाटतात. तम्मण्णाच्या घरात एक उंदीर नाही, म्हणजे सगळे इकडे सोडलेत. हवा ढगाळ आहे, त्यामुळे खळ बोटाला जरा चिकटते. वारासुद्धा तम्मण्णाच्याच बाजूचा आहे.

पाणी ओतून टेस्ट घ्यावी असं मनात आलं. पण जमीन ओली दिसली की ही विचारणार. तळ्यावर न्यावी तर सगळं बेळगाव तिथे धुणी धुतंय. म्हणून कोरडी टेस्ट घेतली. आत बसून डावीकडे हललो, उजवीकडे हललो. बूड मनसोक्त हलवलं. कलंडली नाही. पाण्याचा थेंब आत आला नाही. पास.

६ ऑक्टोबर, खंडेनवमी
आज गल्लीत घरोघर मागाची पूजा. आमच्या सोप्यात माग नाही. मी वाकस आणि करवत मांडली, नावेला हळदकुंकू लावलं. आरतीला कोणी थांबलं नाही. ही आपला विणायचा धोटा पदराखाली घेऊन तम्मण्णाच्या मागाशी पूजेला गेली. अंजनीने जाताना खड्ड्याच्या काठावर एक झेंडूचं फूल ठेवलं. बराच वेळ फुलाकडे बघत बसलो.

मग एकदम लक्षात आलं, आपला धोटा शत्रूच्या घरात गेला.

१४ ऑक्टोबर
सगळा कट उलगडला. ही रोज दुपारी तम्मण्णाकडे जाते. येते तेव्हा कोपराला लाल सूत चिकटलेलं असतं. मी मापं सुतात ठेवतो हे कोणाला ठाऊक आहे? शिवाय खळीचं मडकं माझ्या हिशोबापेक्षा लवकर रिकामं होतं. उंदीर म्हणावं तर उंदीर खाऊन झाल्यावर झाकण लावत नाहीत. आणि तम्मण्णाच्या घरातून भर दुपारी खटक-खटक, खटक-खटक. माग म्हणावा तर तम्मण्णा त्या वेळी पारावर घोरत असतो, मी जाऊन बघितलं. मागाचा आवाज मी आईच्या पोटातून ऐकत आलोय. हा माग नव्हे. मागासारखा आवाज काढणारा हातोडा आहे.

तो नाव बांधतोय. माझ्या मापाची, माझ्या खळीची, माझ्या बायकोच्या मदतीने!

जाब विचारला. ही म्हणाली, "जातो की रोज. धोट्यातल्या सुताच्या कांड्या भराय जातो. तुमी तुमचं लाकूड बघा." कांड्या! मी मान हलवली आणि काही कळलं नाही असं दाखवलं. या बाबतीत माझा हात कोणी धरणार नाही.

३० ऑक्टोबर
दिवाळी झाली. लुगडं उद्यापासून, नक्की.

संध्याकाळी : एक अडचण. विणलेलं कापड गुंडाळायची मागाची तुरई मी नावेत मधोमध बसायला ठोकली आहे. ती काढली तर दोन्ही बाजू उघडतात. तुरईशिवाय माग उभा राहत नाही. ही गोष्ट मला कोणीतरी आधी सांगायला हवी होती. मुद्दाम गप्प बसलेत.

अंजनी आली. पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "आप्पा, लुगड्याचं काय?" म्हटलं, पेठेतून चांगलं आणू, काठ तसाच असतो, कोणाला कळतंय? ती "बरं" म्हणाली. तिच्या तोंडाकडे मला बघवेना, म्हणून मी नावेकडे बघितलं. मग तीही नावेकडे बघत राहिली. एका बाजूने बघितली, दुसऱ्या बाजूने बघितली, वाकडं टोक बोटाने चाचपलं आणि गपचूप सुताने माप घेतलं.

पोटची पोरगीसुद्धा!

१६ नोव्हेंबर
उद्या निघायचं. पेठेतलं लुगडं मी आणतो म्हटलं तर ही म्हणाली, नको, बघितलंय मी. भांडली नाही. तीन महिने भांडणारी बाई आज भांडत नाही. लक्ष ठेवून आहे.

१८ नोव्हेंबर, नदीपलीकडे, व्याह्यांच्या घरी
व्याह्यांचं धोतर नेसून लिहितोय.

नाव कोणाला दिसू नये म्हणून गाडीत घालून वरून पांढरं कापड बांधलं होतं. मागच्या गाडीत वऱ्हाड आणि वाजंत्री. वाटेत दोन गावांतले लोक टोप्या काढून उभे राहिले. एका म्हातारीने फूल टाकलं आणि विचारलं, "कोण गेलं रं बाबा?" म्हटलं, कोणी नाही, रुखवत आहे. ती आणखी जोरात रडायला लागली.

नदीवर आलो. कापड काढलं. मष्णूने नावेभोवती एक फेरी मारली, बोटाने फट उकरली, बोट चाटलं. सिक्रेट कळलं की काय म्हणून मी त्याला हटकलं. तो हिच्याकडे बघून म्हणाला, "आक्का, पोरीला माझ्या नावंत घाला." मी म्हटलं, मेलो तरी नाही. अंजनी माझ्या नावेकडे पुढे झाली, पण हिने तिचा हात घट्ट धरला आणि मला म्हणाली, "आदी तुमी बसून दावा." तम्मण्णाही वऱ्हाडात होता, काखेत गाठोडं दाबून. काठावर सगळी दुनिया. मी फेटा सारखा केला आणि बसलो. वाजंत्री सुरू झाली.

नाव चालली! माझ्या बापाने, आज्याने, कोणी केलं नव्हतं ते मी केलं. मी काठाकडे वळून हात वर केला. लोकही हात वर करून ओरडत होते. मला वाटलं, कौतुक.

मग पाणी पांढरं झालं. नदीत कोणी दूध ओतावं तसं. बुडाखाली गार लागलं. चिंध्या एकेक करून निघाल्या आणि माझ्या शेजारून वाहत गेल्या. मासे गोळा झाले, त्यांची चैन झाली. फळ्या आपापल्या वाटेने गेल्या. मी तुरईला मिठी मारली होती. ती पण निसटली. मी उभा राहिलो, पाणी कमरेएवढं. फेटा कोरडा होता.

मष्णूने हात देऊन वर घेतलं. शेळ्यांत बसवलं. या वेळी त्याला ओरडावं लागलं नाही. मी तसूभर हललो नाही.

सगळं वऱ्हाड पलीकडे उतरल्यावर या काठावर तम्मण्णाने गाठोडं सोडलं. बायकांनी अंजनीला आडोशाला नेलं आणि ती बाहेर आली ती लाल लुगड्यात. घट्ट, सरळ, घरचं विणलेलं. व्याह्यांनी काठ बोटांत धरून बघितला आणि मान डोलावली. विहीण म्हणाली, "बापाच्या हातचं दिसतंय." मी फेटा सारखा केला.

पदरावर नक्षी होती. नीट बघितलं तर नावा. बारक्या बारक्या नावा, प्रत्येकीचं टोक डावीकडे वळलेलं. माझं डिझाईन! मी तम्मण्णाकडे धावलो, "चोरा!" म्हणालो. तो म्हणाला, "मला काय इचारतोस, पोरीला इचार." ही म्हणाली, "दुपारचं त्येंचा एक माग रिकामा असतोय. मी इणलं, पदर त्येनी भरला. तुमास्नी सांगाय गेलं तर तुमी ऐकतासा कवा?"

मी अंजनीकडे बघितलं. ती म्हणाली, "आप्पा, तुमच्या नावंतनं सासरी जायचं हुतं न्हवं? ती पाण्यात कशी चालंल काय म्हाईत, म्हणून मीच पदरावर घाला म्हटलं."

मी रडलो. व्याह्यांच्या समोर, मष्णूच्या समोर, शेळ्यांच्या समोर.

२८ नोव्हेंबर, शहापूर
अंजनी माहेरी आली आहे. आज हिने ते लुगडं पहिल्यांदा पाण्यात घातलं. मी धुण्याच्या दगडापाशी जाऊन उभा राहिलो. पाणी पांढरं झालं. सगळी खळ निघून गेली, लुगडं मऊ पडलं. पिळून झटकलं. पदर बघितला. नावा सगळ्या जागच्या जागी.

२ डिसेंबर
खड्डा झाडून घेतला. तुरई नदीने नेली, नवी होईपर्यंत तम्मण्णाच्या दुपारच्या मागावर बसतो. पदरावरची नाव कशी भरली ते त्याला विचारलं. म्हणाला, "सोपं हाय, शिकवतो की."

एवढं लगेच शिकवायला तयार झाला. कशासाठी?