हातात न ठरणारी दुर्बीण

चिंचवड, रविवार, डिसेंबर १९५४

दुर्बीण मी सुमनच्या हातातून काढून घेतली. तिची मनगटं थरथरत होती.

"दिसले चक्रवाक," ती म्हणाली. "तुम्ही किती मोजलेत?"

"चार."

"मलाही चारच."

खोटं. तिच्या हातात नळी आभाळाकडे होती.

दवाखान्यातून आणल्यापासून ती अंथरुणावरच आहे. पवना नदीवर हिवाळी पक्षी उतरलेत, ते तिला खाटेवरून पाहायचे होते. म्हणून देहूरोडला कासमभाईंच्या दुकानात गेलो. लष्कराच्या मोडीतल्या दोनच दुर्बिणी मला परवडणाऱ्या होत्या. पहिली दोन डोळ्यांची, लहान, हलकी. दुसरी एका डोळ्याची, लांब, जड. तिच्यातून दूरच्या कळसावरचा पोपट दिसला.

"राव, ही हातात ठरत न्हाई," कासमभाई म्हणाले. "आजारी माणसाला धाकटी न्या."

"धाकटीत काय, अंगणातल्या चिमण्या बघायच्या?" मी हसलो आणि लांब दुर्बीण घेतली.

दुकानात मी फळीवर कोपर टेकून पाहत होतो. तिची मनगटं तेव्हा का आठवली नाहीत? कुणासाठी घेतली मी ही?

सोमवार. सकाळी दुर्बीण खिडकीच्या गजाला बांधली. पक्षी उडून गेले होते. सुमनने बराच वेळ डोळा लावला. म्हणाली, "पाणी दिसतंय हो."