वरून दिसलेलं अंगण

३ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. पूल पडल्यापासून आमच्या दवाखान्यात रक्त ड्रोनने येतं. काल एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना. अकरा मिनिटांत दोन पिशव्या गच्चीवर उतरल्या आणि मायलेकरं वाचली. शेजारच्या काकू मात्र चिडल्या आहेत. त्यांच्या न्हाणीला छप्पर नाही. तो वरचा डोळा आपल्याला बघतो म्हणून त्यांनी चादर ताणली आहे. ड्रोन उडवणारा आमचा तंत्रज्ञ बिचारा त्यांच्यापुढे शपथा घेऊन थकला. तुला सायकलवरून धड उतरता येत नव्हतं आणि आता सैन्यात खुर्चीत बसून ड्रोन उडवतोस, याचं आईला अजून हसू येतं. जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच, तुझी पत्रंही येत राहू देत.
तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. काकूंचं खरं आहे. नऊ दिवस मी सीमेपलीकडच्या एका सुताराचं अंगण बघत होतो. तो डाव्या पायाने लंगडतो, बायको उन्हात केस वाळवते, दोघं एकाच पेल्यातून चहा पितात, हे सगळं मला पाठ झालं. तो शत्रूचे निरोप पोचवतो, असं वरून कळवलं होतं. दहाव्या दिवशी आदेश आला. मी बटण दाबलं. धूर विरला तेव्हा पाय एकीकडे आणि तो दुसरीकडे होता. हलत होता. मदतीला लोक धावले आणि दुसरा आदेश आला. तेव्हाही दाबलं. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, की घर चुकलं. आईला सांगू नकोस. लोभ असावा असं लिहायची आज लाज वाटते.
तुझा धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. परवा शत्रूचं ड्रोन आमच्या बसथांब्यावर फुटलं. सतरा माणसं आणली, एकाने स्वतःची आतडी ओंजळीत धरली होती. आम्ही रक्त मागवलं. आमचं ड्रोन दिसताच लोकांना वाटलं, दुसरा हल्ला आला. कुणीतरी बंदुकीने ते पाडलं. पिशव्या रस्त्यावर फुटल्या. मग गर्दीने तंत्रज्ञाला हेर ठरवून जिन्यावरून ओढत नेलं आणि त्याची बोटं विटेने ठेचली. वीट काकूंच्या हातात होती. त्या सतरांत आपल्या शाळेतल्या बाई होत्या, त्या रक्ताअभावी माझ्या हातांवर गेल्या.

तुझं पत्र तेव्हा माझ्या खिशात होतं. इतका राग आला, की लिहवत नाही. आईला मी ते वाचून दाखवलं. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, की सुताराची बायको वाचली का. कळव.
ताई

११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आईला सांग, नाही वाचली. मदतीला सगळ्यांत आधी तीच धावली होती. तुझं पत्र वाचलं त्याच सकाळी मी त्या खुर्चीत बसायला नकार दिला. आता कोठडीत आहे, चौकशी होईल. साहेबांनी कारण लेखी मागितलं. मी लिहून दिलं, की घर चुकलं असेल, पण दुसऱ्या वेळी ती मला स्पष्ट दिसत होती.
तुझा धाकटा