नाटे गावातली एकशेवीस मनं

४ ऑक्टोबर, सकाळ
मनाच्या आजारांवरचं जगातलं बहुतेक संशोधन चार-पाच श्रीमंत देशांतच होतं. नाटे गावाला आजवर कोणी काही विचारलेलं नाही. आता मी विचारणार. एकशेवीस मुलाखती, चाळीस दिवस. रोज तीन. रोज सहा घेतल्या तर वीस दिवसांत मोकळा. मग पेपर, मग अडकलेली पीएचडी, मग परदेश.
खोली हफीजाचाचींकडे. नवरा कुवेतला, मुलगा तहा कतारला. घरात चाची, सून महरीन आणि पाच महिन्यांची नात अलिझा. खोलीला एकच खिडकी, ती शेजारच्या चिऱ्याच्या भिंतीकडे उघडते. एकाग्रतेसाठी उत्तम.

५ ऑक्टोबर
मुलाखती: एक. हौसाआजी, वय सत्तरच्या पुढे. टॅबवरचा पहिला प्रश्न वाचला, "आनंददायी गोष्टींतला तुमचा रस कमी झाला आहे का?" आजी म्हणाल्या, यंदा आंबाच नव्हता, रस कुठला. टॅबवर आंब्याला पर्याय नाही. "नाही" दाबलं.
उद्या सात घेऊन भरून काढणार.

७ ऑक्टोबर
महरीनची मुलाखत. नऊ प्रश्न, नऊ "नाही", चार मिनिटं. विक्रम. बाळ रडत होतं, तरी तिचं लक्ष विचलित झालं नाही. अशी शांत माणसं शहरात मिळत नाहीत.

१२ ऑक्टोबर
रत्नागिरीला, मांडवीत घरी फोन केला. बाबांनी आळीत सांगून टाकलंय की दर्शन परदेशी विद्यापीठात लागला. मी म्हटलं होतं, प्रकल्पाचं विद्यापीठ परदेशी आहे. आता दिवाळीला घरी जाता येणार नाही, कारण मी परदेशात आहे. घर एसटीने दीड-दोन तासांवर.
एकांत हा संशोधकाचा मित्र. मुलाखती: शून्य. टॅब चार्ज नव्हता.

१५ ऑक्टोबर
एकूण एकोणीस. सगळ्यांचे उदासीचे गुण शून्य किंवा एक. म्हणजे नाटे हे जगातलं सर्वांत सुखी गाव. नेटवर्कसाठी जेटीवर जाऊन प्रकल्पाच्या मॅडमना व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं. त्या म्हणाल्या, प्रश्न जसाच्या तसा वाचा, समजावू नका, एका माणसाला दोनदा विचारू नका, आणि एकशेवीस झाल्याशिवाय गाव सोडू नका.
शिस्त चांगली असते. परत येताना मासळीच्या वासाने डोकं उठलं.

१९ ऑक्टोबर, दुपार
महरीन चहा घेऊन आली. कप ठेवून दारातच थांबली. "भाई, त्या मशीनमधे गेलेलं उत्तर परत काढता येतं काय?"
चांगला प्रश्न. मी समजावून सांगितलं की उत्तर लॉक होतं, मलासुद्धा बदलता येत नाही, त्यामुळे माहिती सुरक्षित राहते. ती "बरं" म्हणाली आणि गेली. लोकांमधे संशोधनाची जाण वाढते आहे.

२२ ऑक्टोबर
चार दिवस झोप नाही. कारण: होड्यांची इंजिनं, अॅसिडिटी, गादी. जेवण जात नाही, कारण इथे नारळ फार. अंघोळ परवा केली असावी. उद्या राजीनामा. पण मग परदेशातून परत का आलो, हे आळीत सांगावं लागेल. परवा राजीनामा.
महरीन उत्तर का बदलणार होती? हा माझ्या अभ्यासाचा विषय नाही.

२४ ऑक्टोबर, सकाळ
चाची दारात. म्हणाल्या, "महरीन तीन दिवस जेवली नाय. बाळाला घेत नाय. तू मनाचंच बघतोस ना? मग बघ."
नियम सांगितला, दोनदा विचारता येत नाही. चाचींनी टॅब उचलला आणि कपाटात ठेवला. "आता विचार."
नाइलाजाने पडवीत जाऊन बसलो. प्रश्न पाठ होते, ऐनवेळी एकही आठवला नाही. नुसता बसलो. मग तीच बोलली. बाळ झाल्यापासून काही वाटतच नाही. अलिझा दुसऱ्या कोणाची सांभाळायला दिल्यासारखी वाटते. विहिरीवर एकटी जायला भीती वाटते, आणि ती विहिरीची नाही. तहाला फोनवर सांगते, सगळं ठीक.
चाची आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन तिच्याजवळ बसल्या आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. म्हणाल्या, तहाच्या वेळी मीपण अशीच होते, कुणाला सांगितलं नाय. चाचींच्या फॉर्मवर नऊच्या नऊ "नाही" आहेत. मीच दाबलेत.

२५ ऑक्टोबर, रत्नागिरी
पहिल्या एसटीने आम्ही सगळे मनाच्या डॉक्टरांकडे. मी केवळ निरीक्षक म्हणून. मांडवीचं कोणी भेटेल म्हणून मास्क आणि टोपी.
डॉक्टरबाई महरीनशी तासभर बोलल्या. ती बाहेर आली तेव्हा रडलेली होती, पण अलिझाला तिने चाचींकडून स्वतः मागून घेतलं. गोळ्या, आणि दर आठवड्याला बोलायला यायचं.
मग बाईंनी मला विचारलं, तुम्ही किती दिवस झोपला नाहीत. मी होड्यांच्या इंजिनांबद्दल सांगू लागलो. चाची म्हणाल्या, "आठ दिवस होड्या बंद हायत. वारा हाय."
मास्क काढावा लागला. नवा केस पेपर झाला. नाव, वय चौतीस. पुढचा रकाना व्यवसाय. बाई पेन धरून थांबल्या.
शेवटी चाचींनीच सांगितलं, "लिहा, आमच्याकडे राहतो."