खिळ्यावरचा अंगठा

रविवार, भिवपुरी. दिवेलागणीनंतर.

बाबा गेल्यानंतरची ही पहिली भीमजयंती. विहाराच्या दारावर लावायचं प्लायवूडचं धम्मचक्र दरवर्षी बाबाच कापायचे. यंदा मी कापते, असं सगळ्यांसमोर बोलून बसले. कशाला बोलले कोण जाणे.

माळ्यावरची बाबांची वर्तुळ काढायची पट्टी वाळवीने खाल्ली होती. मग दुसरी केली. एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला भोक पाडून त्यात पेन्सिल. वर्तुळ काढून झालं की पेन्सिलीच्या जागी कटरचं पातं बसवायचं. खिळा प्लायवूडमधून थेट खालच्या फळीत ठोकला. पट्टी फिरवणार तोच आई येऊन समोर बसली आणि तिने खिळ्यावर अंगठा दाबला.

"फिरव गं आता. तुजे बाबा मला म्हनायचे, तू धरलं नाय तर खिळा हलतो, चाक वाकडं होतं."

खिळा हलत नव्हता. पकडीनेही निघाला नसता इतका घट्ट होता. आणि बाबा तर सुतार, त्यांनी ठोकलेला खिळा हलेल? मग इतकी वर्षं तिला समोर का बसवायचे? लहानपणापासून बघत आले, कळतंय आज.

पट्टी फिरत तिच्याकडे गेली, तशी तिने सवयीने मान जरा मागे घेतली. माझा हात तिथेच थांबला.

"काय झालं गं? खिळा हलला?"

"हलतोय जरा," मी म्हटलं. "नीट धर, आई."